उजेडावर चालणारे हमाल: हेमेटाइटच्या कणांकडून सूक्ष्म ओझी कशी वाहून घ्यायची

एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय निवडणारी मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, कण पळायला किती वेळ लागेल?" पळायला फार वेळ लागत नाही. पाण्यातला मायक्रॉनभर (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या) आकाराचा कोणताही कण सूक्ष्मदर्शकाखाली हलतानाच दिसतो. तो तुमच्या उजेडामुळे हलला, त्यानेच शेजारचा प्लास्टिकचा मणी, म्हणजे त्याचं ओझं, ओढून नेला आणि उजेड बंद होताच तो मणी सोडला, हे समोरच्याला शंका उरणार नाही असं दाखवायला मात्र वेळ लागतो. पुढची सगळी कृती मी त्या हिशोबाने लिहिली आहे.

मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. आमच्याकडे क्लीनरूम नाही, लेझरच्या झोताने कण धरणारा चिमटा नाही. ओव्हन आहे, सेंट्रिफ्यूज आहे, आणि बायोटेकवाल्यांचा फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक दुपारनंतर मोकळा असतो. एवढ्यावर हे काम होतं, म्हणून प्रकाशावर चालणाऱ्या अनेक कणांमधून मी मुद्दाम हेमेटाइट निवडते.

मूळ काम न्यूयॉर्क विद्यापीठातलं. जेरेमी पालाची, स्टेफानो सकाना, डेव्हिड पाइन, पॉल चायकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की हेमेटाइटचा, म्हणजे लोहाच्या लाल ऑक्साइडचा, भुईमुगाच्या शेंगेसारखा कण हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पातळ द्रावणात निळा उजेड पडला की स्वतःहून चालू लागतो, स्वतःच्या अनेक पट मोठा मणी पकडतो, दूर नेतो आणि सोडतो. दिशा द्यायला त्यांनी एकतर हलकं, सगळीकडे सारखं असलेलं चुंबकीय क्षेत्र वापरलं किंवा तळाच्या काचेवर अतिसूक्ष्म चर कोरले. कणाला दोन वेगवेगळ्या पदार्थांच्या बाजू नाहीत, सोन्याचा मुलामा नाही, काही नाही. एकाच पदार्थाचा कण, आणि एका बाटलीत अक्षरशः अब्जावधी तयार होतात. आमच्या लॅबमध्ये त्यांना सगळे हमालच म्हणतात, मीही इथे तसंच म्हणणार आहे.

चालतो कसा, ते थोडक्यात. हेमेटाइट निळा प्रकाश शोषतं आणि त्या ऊर्जेवर आपल्या पृष्ठभागाशी असलेल्या पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजनमध्ये विघटन करतं. त्यामुळे कणाभोवती पेरॉक्साइड कमी आणि ऑक्सिजन जास्त असा चढउतार तयार होतो. संहतीचा, म्हणजे विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणाचा, असा उतार काचेच्या किंवा मण्याच्या पृष्ठभागाजवळ आला की तिथलं पाणी पृष्ठभागालगत सरकू लागतं. त्या प्रवाहाने हमाल स्वतः सरकतो आणि जवळचा मणी त्याच्याकडे ओढला जातो. उजेड गेला की विघटन थांबतं, उतार विरून जातो, ओढ संपते. मणी कुठेही चिकटवलेला नसतो, म्हणून सोडताना काही तोडावं लागत नाही. मला या पद्धतीतलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं.

आधी आकडे

कण बनवायच्या आधी एक संध्याकाळ वही घेऊन बसा. २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यातल्या १ मायक्रॉन व्यासाच्या गोल कणाचा विसरण गुणांक, म्हणजे तो आपोआप किती पसरतो याचं माप, स्टोक्स-आइनस्टाइन सूत्राने काढा. तो सेकंदाला साधारण ०.४९ चौरस मायक्रॉन येतो. म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या नुसत्या ब्राऊनियन धक्क्यांनी असा कण सपाटीवर एका सेकंदात सरासरी १.४ मायक्रॉन सरकतो आणि १०० सेकंदांत १४ मायक्रॉन. वेळ शंभरपट झाला तरी अंतर दहापटच वाढतं. हा आकडा भिंतीवर लावून ठेवा. तुमचा हमाल शंभर सेकंदांत पंधरा मायक्रॉन गेला असं तुम्ही मला सांगितलंत, तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

दुसरा आकडा दिशेचा. तोच कण स्वतःभोवतीही धक्के खात फिरतो आणि पाऊण सेकंदाच्या आत आपली दिशा विसरतो. आकार दुप्पट केला तर हा काळ आठपट, म्हणजे पाच-सहा सेकंद होतो. त्यामुळे मोकळा सोडलेला हमाल कितीही जोरात चालला तरी त्याची वाट वेडीवाकडी होणारच. ओझं ठरलेल्या जागी न्यायचं असेल तर बाहेरून दिशा द्यावीच लागते.

तिसरा आकडा तळाचा. हेमेटाइटची घनता पाण्याच्या ५.२ पटीच्या आसपास आहे. १ मायक्रॉनचा कण सेकंदाला साधारण अडीच मायक्रॉन खाली बसतो, म्हणजे १०० मायक्रॉन खोलीच्या कप्प्यात मिनिटभराच्या आत सगळे हमाल तळाला. हे आपल्या फायद्याचंच आहे, कारण सगळं काम तळाच्या काचेजवळ चालतं आणि फोकस एकाच पातळीवर ठेवता येतो. ओझं म्हणून घेतलेला ५ मायक्रॉनचा पॉलिस्टायरिनचा मणी मोठा असूनही हलका आहे, त्याला तळाला यायला दोन-तीन मिनिटं लागतात. स्लाइड ठेवल्या ठेवल्या रेकॉर्डिंग सुरू करणारी मुलं मण्यांशिवायचे व्हिडिओ घेऊन येतात. पाच मिनिटं थांबा.

हमाल तयार करणं

जपानमधल्या तोहोकू विद्यापीठाच्या तादाओ सुगिमोतो यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दिलेली ही जेल-सोल (आधी घट्ट जेल, मग त्यातून कण) पद्धत आहे, आणि ती इतकी भरवशाची आहे की जगभर अजून तीच वापरतात. २ मोलर फेरिक क्लोराइडचं १०० मिली द्रावण करा. त्यासाठी सहा पाण्याच्या रेणूंसह येणारं फेरिक क्लोराइड ५४ ग्रॅम लागतं. वेगळ्या बीकरमध्ये ६ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ९० मिली, म्हणजे २१.६ ग्रॅम. हे विरघळताना बीकर चांगलाच तापतो. बर्फाच्या पाण्यात ठेवून, गॉगल आणि हातमोजे घालून, थोडं थोडं टाकत करा आणि पूर्ण थंड होऊ द्या. तिसरं द्रावण ०.६ मोलर पोटॅशियम सल्फेटचं, १० मिलीत जेमतेम १.०५ ग्रॅम. हे विरघळायला वेळ घेतं, ढवळत राहा.

फेरिक क्लोराइड मॅग्नेटिक स्टररवर जोरात फिरत असताना त्यात सोडियम हायड्रॉक्साइड पाचेक मिनिटांत ओतत जा. तपकिरी, घट्ट जेल होईल आणि फिरणारी कांडी अडकू लागेल. अशा वेळी हाताने काचेच्या दांड्याने ढवळा, पण गुठळी राहू देऊ नका. शेवटी सल्फेट घाला आणि आणखी काही मिनिटं ढवळा. कणाचा आकार सल्फेट ठरवतं. ते न घालता त्या जागी १० मिली साधं पाणी घातलंत तर शेंगेऐवजी जवळजवळ घनाकृती कण मिळतात. तेही पुढे उपयोगी आहेत, तेव्हा जमलं तर दोन्ही बाटल्या एकदमच लावा.

मिश्रण जाड बोरोसिलिकेट काचेच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. वर थोडी जागा मोकळी हवी. १०० अंशांच्या ओव्हनमध्ये आठ दिवस ठेवायचं आणि हलवायचं नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते, त्यामुळे मी हे काम दिवाळीनंतर काढायला सांगते. मधे ओव्हन थंड पडला तर कण होतात, पण त्यांचे आकार एकसारखे राहत नाहीत, आणि पुढचं सगळं मोजमाप आकारावरच उभं आहे.

आठ दिवसांनी बाटली थंड झाल्यावर तळाला विटकरी लाल थर बसलेला असेल आणि वरचं पाणी पिवळं. ते पिवळं पाणी म्हणजे उरलेलं लोह. ओता, डिस्टिल्ड पाणी घाला, अल्ट्रासोनिक बाथमध्ये धरा, सेंट्रिफ्यूज करा, पुन्हा ओता. वरचं पाणी स्वच्छ होईपर्यंत आणि त्यानंतरही आणखी दोनदा हे करा. धुण्यात कंजूषी केली तर पाण्यात क्षार राहतात, आणि क्षार या यंत्रणेचे शत्रू आहेत. पृष्ठभागालगतचा प्रवाह विद्युतभारावर अवलंबून असतो, क्षाराने तो भार झाकला जातो, शिवाय कण एकमेकांना आणि काचेला चिकटून बसतात.

एक थेंब सुकवून कुठल्यातरी विद्यापीठात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. मोजमापाची पट्टी असलेला एक फोटो रिपोर्टमध्ये हवाच. सोय होईपर्यंत ४० किंवा १०० पटीच्या भिंगाखाली लांबट, मधे किंचित बारीक कण दिसले तरी पुढे जायला हरकत नाही.

द्रावण

पेरॉक्साइड १ ते ३ टक्के पुरतं. प्रयोगशाळेच्या ३० टक्क्यांच्या बाटलीतून १ मिली घेऊन ९ मिली पाणी घातलं की ३ टक्के. औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं घेऊ नका, त्यात टिकाऊपणासाठी घातलेले पदार्थ असतात. ३० टक्क्यांचा थेंब कातडीवर पडला तर ती जागा पांढरी पडून चुरचुरते, म्हणून हातमोज्यांशिवाय बाटली उघडायची नाही.

द्रावण किंचित अल्कधर्मी लागतं, पीएच साडेआठच्या आसपास, म्हणजे कण आणि काच एकमेकांना दूर ठेवतात. न्यूयॉर्कच्या गटाने त्यासाठी टेट्रामिथाइल अमोनियम हायड्रॉक्साइड वापरलं, साधारण ५ मिलिमोलर. इथे मी कडक आहे. या रसायनाचं २५ टक्क्यांचं मूळ द्रावण कातडीतून शरीरात जातं आणि जीव घेऊ शकतं. ती बाटली कुलपात राहते. फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) मी स्वतः त्याचं १०० मिलिमोलर द्रावण करून देते आणि मुलं त्यातला एक भाग एकोणीस भाग मिश्रणात घालतात. तुमच्या गाइडने हे करून द्यायला नकार दिला तर वाद घालू नका, दुसरा प्रोजेक्ट घ्या.

पेरॉक्साइड आणि हेमेटाइट एकत्र असलेली कुपी कधीही घट्ट बंद करायची नाही. अंधारातही सावकाश ऑक्सिजन सुटतो आणि झाकण उडतं. रोज लागेल तेवढंच ताजं मिसळा.

कप्पा आणि उजेड

स्लाइडवर दोन बाजूंना दुहेरी चिकटपट्टी, वर कव्हरस्लिप, की १०० मायक्रॉनच्या आसपास खोलीचा कप्पा तयार. काच साबणाने, मग भरपूर डिस्टिल्ड पाण्याने धुवून धुळीपासून झाकून वाळवलेली हवी. मायक्रोपिपेटने एका बाजूने हमाल आणि मणी एकत्र असलेलं द्रावण सोडा आणि दोन्ही तोंडं व्हॅसलीन आणि मेणाच्या मिश्रणाने बंद करा. तोंड उघडं राहिलं तर बाष्पीभवनाने कप्प्यात प्रवाह सुरू होतो आणि सगळं शांतपणे एका दिशेला वाहू लागतं. नवखा माणूस तो प्रवाह बघून "कण पळाले!" म्हणून ओरडतो.

हमाल फार थोडे घ्या. द्रावण जेमतेम गुलाबी दिसेल इतके. मण्यांचंही तसंच, दोन मण्यांमध्ये मण्याच्या दहा व्यासांइतकी तरी मोकळी जागा हवी.

आता उजेडाचा मुद्दा, आणि तो नीट समजून घ्या. हेमेटाइटला लागतो तो निळा प्रकाश, ४३० ते ४९० नॅनोमीटर. बायोटेक विभागाच्या फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकात हिरव्या चमकीच्या रंगद्रव्यांसाठी निळ्या प्रकाशाचा फिल्टर बहुधा असतोच. तो लावला की भिंगातूनच निळा झोत तळावर पडतो. तसा सूक्ष्मदर्शक नसेल तर ३ वॉटचा ४५० नॅनोमीटरचा एलईडी छोट्या भिंगासह खालून लावता येतो. पण कण बघायचे कसे? हल्लीच्या सूक्ष्मदर्शकांत पांढरा एलईडी असतो, आणि पांढऱ्या एलईडीच्या वर्णपटात ४५० च्या आसपास मोठा निळा उंचवटा असतो. म्हणजे तुम्ही "अंधारातलं" रेकॉर्डिंग म्हणून जे घेता त्यात हमाल आधीच कामाला लागलेले असतात. बघण्याच्या दिव्यावर लाल फिल्टर लावणं सक्तीचं आहे. लाल प्रकाशात हेमेटाइट दिसतं, पण कामाला लागत नाही.

निळ्या झोताकडे थेट बघू नका. पिवळ्या-नारिंगी काचांचा गॉगल घाला आणि आयपीसऐवजी कॅमेऱ्यातून पडद्यावर बघा. मोबाइल आयपीसवर बसवणारा धारक चालतो, सेकंदाला ३० चित्रं पुरतात. मोजपट्टीसाठी स्टेज मायक्रोमीटरचा एक फोटो प्रत्येक वेळी, त्याच झूमवर घ्या.

एका हमालाचं पहिलं काम

लाल दिव्यात दोन मिनिटं रेकॉर्ड करा. मग निळा चालू, दोन मिनिटं. मग बंद, दोन मिनिटं. निळा चालू होताच आजूबाजूचा हमाल मण्याकडे खेचला जातो, मण्याला टेकतो आणि जोडी चालू लागते. बंद करताच दोघं ब्राऊनियन गतीने हळूहळू दुरावतात. क्षणात नाही, सावकाश. कारण वेगळं करणारा कोणी नसतो, फक्त धरून ठेवणारा गेलेला असतो. जोडी न दुरावता तशीच राहिली तर ती चिकटलेली आहे. पीएच तपासा, कण आणखी धुवा.

५ मायक्रॉनचा मणी सेकंदाला ५ मायक्रॉन वेगाने ओढायला लागणारा जोर स्टोक्सच्या सूत्राने साधारण ०.२ पिकोन्यूटन येतो. काचेजवळ घर्षण वाढत असल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त. मोठा मणी हळू जाईल, छोटा जलद. तीन आकारांचे मणी घेऊन वेगाचा आलेख काढलात तर प्रोजेक्टचं एक चांगलं प्रकरण तयार होतं.

बुडबुडे दिसू लागले तर पेरॉक्साइड अर्धं करा. हमाल जागच्या जागी वळवळत असतील पण सुटत नसतील तर काच अस्वच्छ आहे.

दिशा

हेमेटाइट सामान्य तापमानाला अगदी क्षीण पण कायमचं चुंबकत्व राखून असतं. साधारण १ मिलिटेस्ला क्षेत्र त्याला वळवायला पुरतं. मधे सारखं क्षेत्र देणारी दोन वेटोळ्यांची हेल्महोल्ट्झ जोडी घरच्या घरी करता येते: ५ सेंमी त्रिज्येच्या दोन चकत्या, प्रत्येकीवर तांब्याच्या तारेचे १०० वेढे, दोघींमध्ये ५ सेंमी अंतर. ०.६ अँपिअर सोडलात की मध्यभागी १ मिलिटेस्लाच्या किंचित वर क्षेत्र मिळतं. वीजप्रवाह सोडून लगेच मोबाइलच्या चुंबकमापक ॲपने मोजा. १ मिलिटेस्ला म्हणजे १००० मायक्रोटेस्ला, आणि महाराष्ट्रात पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास असतं. भिंगाचं आणि स्टेजचं लोखंड क्षेत्र वाकवतं, त्यामुळे मोजमाप स्लाइडच्या जागेवरच घ्या. आम्ही जोडी लाकडी चौकटीवर बसवली आहे आणि चौकटच फिरवतो.

निओडिमियमचं चुंबक हातात धरून दिशा द्यायचा मोह होतो. नको. अशा चुंबकाचं क्षेत्र सगळीकडे सारखं नसतं आणि असमान क्षेत्र कणाला नुसतं वळवत नाही, ओढतंही. मग ओझं उजेडाने नेलं की चुंबकाने, याचं उत्तर तुमच्याकडे राहत नाही. सारख्या क्षेत्रात कण फक्त वळतो. चालायचं काम उजेडाकडेच राहतं.

शेंगेच्या आकाराच्या हेमेटाइटमध्ये चुंबकत्व लांबीला आडवं असतं, म्हणून कण क्षेत्राला आडवा उभा राहतो. क्षेत्र एकदम उलटं केलंत तर कण आपल्या लांबीच्या अक्षाभोवती लोळूनही जुळून घेऊ शकतो आणि तोंड त्याच दिशेला ठेवू शकतो. म्हणून चौकट सावकाश ९० अंश फिरवा. वाटही काटकोनात वळली तर तुमचं सुकाणू चालतंय. कप्प्यातला पाण्याचा प्रवाह चौकटीबरोबर वळत नाही, त्यामुळे हीच चाचणी प्रवाहाची शंकाही मिटवते.

थवा

एका हमालाचं जमलं की मुलांना शंभर हवे असतात. इथे घाई केली तर निराशा होते. हमाल वाढवले की ते मण्याइतकेच एकमेकांकडेही ओढले जातात. पालाची आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्येच हे दुसऱ्या कणांवर दाखवलं होतं. हेमेटाइटचा घन ज्यात रुतलेला आहे असे पॉलिमरचे गोळे निळ्या उजेडात एकत्र येऊन स्फटिकासारखी मांडणी करतात, ती मांडणी सरकते, फुटते, पुन्हा जुळते आणि उजेड बंद होताच विरघळते. तुमच्याकडेही अशाच गुठळ्या दिसतील. त्या तासन् तास बघत बसाव्यात अशा असतात, पण ओझं नेणं हे वेगळं काम आहे.

मोठ्या मण्याला सगळ्या बाजूंनी हमाल लागले तर त्यांचे जोर एकमेकांना मारतात आणि मणी जागेवर थरथरतो. उपाय दोन. पहिला, क्षेत्र आधी लावा, उजेड नंतर. म्हणजे सगळे हमाल एकाच अक्षात उभे असताना कामाला लागतात. दुसरा, संख्या हळूहळू वाढवा. एका मण्यामागे दोन, मग चार, मग आठ हमाल लागतील अशी द्रावणं करून प्रत्येकाचा वेग मोजा. वेग कुठपर्यंत वाढतो आणि कुठून पडायला लागतो, हा आलेख थव्याबद्दल जे सांगतो ते कितीही देखण्या व्हिडिओतून कळत नाही.

उजेडाचा आकारही बदलता येतो. सूक्ष्मदर्शकातला क्षेत्र-पडदा (उजेडाचं वर्तुळ लहान-मोठं करणारी झडप) बारीक केला की निळा ठिपका उरतो, आणि ठिपक्याबाहेर गेलेला हमाल निवृत्त होतो. इथे एक गोष्ट मुलांना उलटी वाटते. उजेड जास्त तिथे कण जमतील असा अंदाज असतो. पण स्वतःहून चालणारे कण जिथे हळू चालतात तिथे साठतात, म्हणजे अंधुक भागात. रोम आणि एडिनबरा इथल्या गटांनी २०१८ मध्ये प्रकाशावर पोहणाऱ्या जिवाणूंवर हेच तत्त्व वापरून चित्रं काढली. रोमच्या गटाने तर मोनालिसा उमटवली. हेमेटाइटमध्ये आपसातली ओढही असल्याने चित्र इतकं सरळ राहत नाही. ठिपक्याच्या मधे गुठळ्या आणि कडेला विरळ कडं असंही दिसू शकतं. जे दिसेल ते तीव्रतेच्या नोंदीसकट लिहा.

शेंगेच्या आकाराचेच हेमेटाइट कण फक्त बदलत्या चुंबकीय क्षेत्राने थव्यात बांधून साखळी, भोवरा, पट्टा अशा रूपांत चालवता येतात, हे चीनमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं आहे. उजेड आणि क्षेत्र दोन्ही वापरताना हे लक्षात असू द्या. बदलतं क्षेत्र असेल तर उजेडाविनाही थवा चालतो, म्हणून आपण क्षेत्र स्थिर ठेवतो.

खात्री

याच्यासाठी अर्धा प्रोजेक्ट राखून ठेवा. पेरॉक्साइड आहे, निळा उजेड नाही. उजेड आहे, पेरॉक्साइड नाही, नुसतं पाणी. दोन्ही आहेत, पण हमाल नाहीत, फक्त मणी. सगळं आहे, पण निळ्याऐवजी तितक्याच तीव्रतेचा लाल. आणि क्षेत्र आहे, उजेड नाही. या पाचही वेळी मणी फक्त ब्राऊनियन गतीने हलला पाहिजे. दुसऱ्या चाचणीत मणी एका दिशेला जाऊ लागला तर झोताच्या उष्णतेने पाणी फिरतंय. तीव्रता कमी करा, कप्पा उथळ करा. पाच चाचण्यांचे व्हिडिओ मुख्य व्हिडिओइतक्याच काळाचे, त्याच दिवशीचे, त्याच बाटलीतले हवेत.

वाटा काढायला फिजी हे मोफत सॉफ्टवेअर आणि त्यातलं ट्रॅकमेट पुरतं. पायथन येत असेल तर ट्रॅकपाय. सरासरी वर्ग-विस्थापनाचा (ठरावीक वेळात कण जितका सरकला त्या अंतराच्या वर्गाच्या सरासरीचा) आलेख दोन्ही अक्षांवर लॉगरिथमिक प्रमाणात काढा. ब्राऊनियन गतीचा उतार १ येतो, सरळ चालणाऱ्या कणाचा २. पण प्रवाहात वाहणाऱ्या मेलेल्या कणाचाही उतार २ येतो. म्हणून दूरवरच्या, एकट्या मण्यांची सरासरी गती आधी वजा करा आणि मगच आलेख काढा. वजा न करता आणलेला आलेख मी परत पाठवते, कितीही सुंदर असला तरी.

तोंडी परीक्षेत "हे औषध शरीरात नेईल का?" असं विचारलं जाईल. या रूपात नाही, असं स्वच्छ सांगा. पेरॉक्साइड पेशींना मारक आहे आणि रक्तातले क्षार हे इंजिन थंड पाडतात. त्या अडचणीवर वेगळ्या पदार्थांनी काम चालू आहे. जर्मनीत स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने २०२२ मध्ये कार्बन नायट्राइडचे कण क्षारयुक्त आणि जैविक द्रवांतही प्रकाशावर चालवले आणि त्यांच्याकडून औषध सोडवून घेतलं; त्या गटात वरुण श्रीधर हे भारतीय संशोधक होते.

शाळेच्या मुलांसोबत काही करायचं असेल तर पेरॉक्साइडच्या वाट्याला जाऊ नका. गोड्या पाण्यातलं क्लॅमिडोमोनस हे एकपेशीय शैवाल उजेडाकडे पोहतं. हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २००५ मध्ये त्याच्या पाठीवर १ ते ६ मायक्रॉनचे पॉलिस्टायरिन मणी लादून सेकंदाला १०० ते २०० मायक्रॉन वेगाने नेऊन दाखवले. मणी लादणं कठीण आहे, पण नुसतं शैवाल टेबललॅम्पच्या बाजूला गोळा होताना बघायला आठवीच्या मुलांनाही साधा सूक्ष्मदर्शक पुरतो.

दिवसाचं काम संपलं की पेरॉक्साइडचं उरलेलं मिश्रण उघड्या बीकरमध्ये भरपूर पाणी घालून रात्रभर ठेवा, मग टाकाऊ रसायनांच्या डब्यात. धुतलेले हमाल डिस्टिल्ड पाण्यात महिनोन् महिने टिकतात. तळाला बसतात, पण वापरायच्या आधी दहा मिनिटं अल्ट्रासोनिक बाथमध्ये धरले की पुन्हा मोकळे होतात. बाटलीवर तारीख, सल्फेटचं प्रमाण आणि कितव्यांदा धुतलं हे लिहा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना तीच बाटली वापरता येते.